केझियाला कुणी चोर म्हणेना

आमच्या मार्लकोटातली माणसं वाईट नाहीत आणि हीच अडचण आहे. वाईट माणसापासून लांब तरी राहता येतं. चांगल्या माणसाच्या तोंडावर दार लावलं तर तो खिडकीशी येऊन विचारतो, बरं वाटत नाही का. मी इथला गाडीवान. या गावाला बाजाराला नेलं, चर्चला नेलं, पुरायलाही मीच नेलं. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजतो.

ओबेद इम्पी हा आमच्या पंचक्रोशीतला शाकारणारा. गव्हाच्या काडाचं छप्पर त्याने एकदा घातलं की पुढची कित्येक वर्षं वर बघायची गरज नसे. काम संपलं की आढ्यावर काडाचाच एक पक्षी करून बसवायचा. बाकीचे शाकारणारेही बसवतात, पण त्यांचा कोंबडा असतो, नाहीतर तितर. ओबेदचा पक्षी कुठल्याच जातीचा नव्हता. मागून कुणी हाक मारल्यासारखी मान वळवून तो बसलेला असायचा. हा कोणता रे, असं विचारलं की ओबेद म्हणायचा, "मला तरी कुठे माहीत? आपला बसला येऊन."

आणि ओबेद चोर होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल बिचारा उपाशी असेल. उपाशी वगैरे काही नव्हता. ज्या घरावर तो दिवसभर बसायचा त्या घरात कुठे काय ठेवलंय हे त्याला कळायचं, आणि कळलं की त्याच्या हाताला खाज सुटायची. मग एखाद्या रात्री वर चढायचं, छपरातलं काड हातभर बाजूला सारायचं, माळ्यावर उतरायचं, धुराड्यात टांगलेली डुकराची खारवलेली तंगडी नाहीतर कपाटातलं चांदीचं काहीबाही घ्यायचं आणि आल्या वाटेने निघायचं. जाताना भोक बुजवायचं. अशी बरीच घरं त्याने केली. मालकांनी मोलकरणींना शिव्या दिल्या, एका घरी तर मांजराला मार पडला.

अडकला तो गिरणीवाल्या गॅझलीच्या घरी. गॅझलीचं छप्पर म्हणजे चाळण. जन्मात कधी शाकारलेलं नाही. ओबेदने तिथून चांदीचे चमचे काढले, वर आला आणि भोक बुजवायला बसला, तर ते कुजकं काड पुन्हा तिथे घालायला त्याचा हात धजेना. खाली गॅझलीच्याच खळ्यात चांगलं काड पडलेलं होतं, ते आणून त्याने नीट घातलं, दाबलं, काटक्यांनी शिवलं. पुढच्या पावसात गॅझलीचं घर सगळीकडे गळलं, फक्त माळ्याच्या एका कोपऱ्यात थेंब पडला नाही. गॅझली कंजूष होता, पण मूर्ख नव्हता. शिडी लावून वर गेला आणि खाली येऊन त्याने जॉब इन्स्किपला बोलावलं. जॉब आमचा चांभार, आणि गावचा शिपाईही तोच. गॅझली म्हणाला, "असं सुबक ठिगळ या मुलखात एकच माणूस लावतो." चमचे ओबेदच्या पलंगाखाली मिळाले.

रात्रीची घरफोडी म्हणजे फाशी. जज्जसाहेबांनी फाशी सुनावली आणि मग राजाच्या दयेने तिचं काळं पाणी झालं, जन्माचं. लोक म्हणाले, सुटला बिचारा. दया हा शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही.

त्याला बंदरात उभ्या असलेल्या कैद्यांच्या जहाजावर हलवण्याआधी भेटायची परवानगी मिळाली. त्याच्या बायकोला, केझियाला, मीच तुरुंगात घेऊन गेलो. केझिया काडाच्या वेण्या विणायची. टोप्यांसाठी आमच्याकडच्या सगळ्याच बायका विणतात, चालता-बोलता, काड्या ओठांत धरून. त्या दिवशीही तिचे हात थांबले नव्हते. त्यांना एक मूल झालं होतं, ते राहिलं नाही. दोघंच होती एकमेकांना. भांडायला तीच आणि हसायलाही तीच.

"जेवलास का?" तिने गजाआडून विचारलं.

"जेवलो. इथली लापशी तुझ्यापेक्षा बरी असते."

"मग राहा इथेच."

"राहू कुठे देतात? अर्धं वर्ष बोटीत कोंबणार म्हणे. आणि तिकडे गेल्यावर काय, तर घरावर झाडाची साल घालतात. साल, केझी. काड कसं घालायचं ते एकालाही ठाऊक नाही."

"तू आपल्या घरावर घातलंस तेवढं पुरे झालं. लग्नाच्या वर्षी घातलंस, त्यानंतर हात लावलास का? पलंगावर गळतंय. कधीपासून म्हणतोयस, उद्या करतो."

"उद्या करतो," ओबेद म्हणाला.

दोघंही हसली. पहारेकऱ्याने वळून पाहिलं. मग ओबेदने आवाज खाली आणला. तुरुंगात एक म्हातारा कैदी होता, सजा भोगून तिकडून परत आलेला आणि पुन्हा पकडला गेलेला. तो सांगत होता की एक बाई मुद्दाम चोरी करून नवऱ्याच्या मागे तिकडे गेली. नवऱ्याने तिथल्या साहेबाकडे अर्ज टाकला आणि साहेबाने तिला नवऱ्याच्याच हवाली केलं.

"असं होतं?" केझियाने विचारलं.

"झालं म्हणतो. मी आपलं सांगितलं. तू काही मनावर घेऊ नकोस."

"बरं."

"अगं, गंमत करत होतो मी."

"ऐकलं मी." तिने ओठांतल्या काड्या काढल्या आणि उठली. "येते," ती म्हणाली.

निघताना सगळ्याच बाया 'येते' म्हणतात, त्यात काही नसतं. पण ओबेदने गज घट्ट धरले आणि तिच्याकडे असा बघत राहिला, की मीच मान फिरवून भिंतीकडे पाहू लागलो. "ये," तो म्हणाला.

केझियाने आधी सरळ वाट धरून पाहिली. पाद्रीसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, सरकार जन्मठेपेच्या कैद्याची बायको स्वतःच्या बोटीने पाठवत नाही, तू प्रार्थना कर. तिने ती केली असेल. मग तिने ओडेलची मेंढी चोरली.

मेंढीसाठी त्या काळी फाशी नाहीतर काळं पाणी, हे लहान पोरालाही माहीत होतं. भर दुपारी ओडेलच्या कुरणातून मेंढी सोडून, दोरीचं टोक कमरेला बांधून ती गावातून निघाली. मेंढी पुढे, ही मागे, हात काडाच्या वेणीत. तिची शेजारीण डॉर्कस फेन्सम दारात उभी होती. डॉर्कस विधवा. दोन्ही मुली लंडनला कामाला गेल्या त्या गेल्याच, तेव्हापासून केझियालाच लेक मानायची.

"काय गं, कुणाची मेंढी?"

"ओडेलची. चोरली."

डॉर्कस पोट धरून हसली. लोहार हसला. बाईला इतक्या दुःखात गंमत सुचतेय म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. ओडेलच्या गड्याने येऊन मेंढी नेली आणि संध्याकाळी खुद्द ओडेलने केझियाकडे चीजचा मोठा तुकडा पाठवला. हा ओडेल म्हणजे कुंपणाबाहेर पडलेलं सफरचंद उचललं तरी पोरांच्या मागे कुत्रं सोडणारा माणूस.

त्यानंतर तिने पाद्रीणबाईंनी कुंपणावर वाळत घातलेला टेबलाचा कपडा उचलला, तशीच जॉबच्या दुकानात गेली आणि बुटांच्या ढिगावर तो ठेवला.

"पकड मला," ती म्हणाली.

जॉबच्या तोंडात खिळे होते. ते काढून तो म्हणाला, "केझी, घरी जा."

"तू शिपाई आहेस ना? कायदा काय सांगतो?"

"कायदा सांगतो की हे बूट दुपारपर्यंत द्यायचेत. घरी जा, सूप कर, पी आणि झोप."

जॉबच्या बायकोने कपडा घडी करून गुपचूप परत नेऊन टाकला. पाद्रीणबाईंना वाटलं, वाऱ्याने पडला होता.

तेव्हा केझियाला कळलं की या गावात आपल्याला कुणी चोर होऊ देणार नाही. तिने मला विचारलं, "सायलसकाका, उद्या बाजाराला जाताना मला न्याल?"

"काय आणायचंय?"

"आणायचं काही नाही."

मी ओळखलं. तुरुंगात मी तिच्या शेजारीच उभा होतो. "बस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जाण्याआधी तिने डॉर्कसला सगळं सांगितलं. हे मला डॉर्कसने स्वतः पुढे सांगितलं, अगदी शब्द न् शब्द, आणि सांगताना तिला काही वाटलंही नाही. केझिया म्हणाली, "एवढंच कर. तुला कुणी विचारलं तर सांग, ही पहिल्यापासून चोरटी. नवऱ्याहून वाईट."

"असं कसं सांगू गं?"

"माझ्यासाठी सांग. मला त्याच्याकडे जायचंय, डॉर्कस."

डॉर्कस रडली आणि बरं म्हणाली.

बाजारात केझिया कापडाच्या दुकानात शिरली. तांबड्या फ्लॅनेलचा अख्खा गठ्ठा काखेत मारला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. पळाली तर हातून सुटेल, पकडलं जायलाच हवं, म्हणून उभी राहिली. कुणी बघेना. दुकानदार एका बाईला लेस दाखवत होता. शेवटी हिनेच हाक मारली, "अहो, हे मी नेतेय."

"न्या की. पैसे?"

"पैसे देणार नाही."

तेव्हा कुठे तिला पकडलं. कोर्ट भरेपर्यंत ती त्याच तुरुंगात होती. ओबेद तोवर बंदरातल्या जहाजावर गेला होता, पण त्याला तिकडे नेणारी बोट अजून सुटलेली नव्हती. मी एकदा तिला काड द्यायला गेलो तर तोंडावर रंग चढलेला. मला विचारते, "काका, तिकडे गहू पिकतो का हो? काड असेल का?"

इकडे गाव हळहळलं. दारूच्या गुत्त्यात बैठक बसली. आपली पोर तुरुंगात आणि आपण बसून राहायचं? ठरलं की सगळ्यांनी कोर्टात जाऊन तिच्या चांगुलपणाची साक्ष द्यायची. आणखीही काहीतरी ठरलं, पण ते मला सांगितलं नाही, माझ्या पोटात काही राहत नाही म्हणे. मी जॉबला बाजूला घेऊन म्हणालो, "जाऊ नका. तिला तेच हवंय." जॉबने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचा वैरी. "तुला माणुसकी आहे का, सायलस?" तो म्हणाला. मग गाडी जुंपायला मीच गेलो.

कोर्टात तिला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. ती म्हणाली, आहे. जज्जसाहेब म्हातारे, गोऱ्यापान चेहऱ्याचे, आवाज मऊ. "नीट विचार कर, बाई. नाही म्हण, मग आपण बघू."

"केलं मी, साहेब."

शेजारच्या पहारेकऱ्यानेही तिच्या कानात काही सांगितलं. पुढे कळलं, तो म्हणाला होता, "कबूल केलंस तर सजा हलकी मिळेल हो, पण नाही म्हटलेलं बरं." हलकी मिळेल हे ऐकल्यावर केझियाने घाईने जबाब फिरवला, गुन्हा कबूल नाही म्हणाली. तिला हलकी नको होती.

दुकानदार उभा राहिला. तो म्हणाला, "साहेब, मला तर काही कळतच नाही. चोरी करणारी बाई मालकाला हाक मारून सांगते का?" लोक हसले. जज्जसाहेबही हसले. "चोर पळतो," ते पंचांना म्हणाले, "ही तर दारात उभी होती." नवरा फार चांगलं काम करून अडकला आणि बायको फार वाईट काम करून सुटायला लागली.

जॉबने बायबलचं चुंबन घेऊन सांगितलं की तो गावचा शिपाई आहे आणि या बाईविरुद्ध त्याच्याकडे कधी तक्रार आलेली नाही. ओडेल उभा राहिला तेव्हा केझियाला राहवलं नाही. ती कठडा धरून ओरडली, "मी यांची मेंढी चोरलीय. पाद्रीणबाईंचा कपडा चोरलाय. साहेब, विचारा यांना."

"खरं आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"कसली मेंढी, साहेब?" ओडेल म्हणाला. "माझ्या सगळ्या मेंढ्या घरी आहेत." आणि होत्याच.

मग डॉर्कस. केझियाने तिच्याकडे पाहिलं आणि जराशी मान हलवली, आता तू आहेसच, अशी. डॉर्कस तिच्याकडे न बघता बोलली. "ही मला पोटच्या पोरीसारखी. हिने जन्मात कुणाची टाचणी उचललेली नाही. नवरा गेला तसं डोकं फिरलंय बिचारीचं. साहेब, आमच्या हवाली करा तिला. आम्ही सांभाळू."

बारा पंच जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. डोकी एकत्र केली आणि म्हणाले, निर्दोष. जज्जसाहेबांचे डोळे ओले झाले होते. असं गाव प्रत्येकाला लाभो, असं काहीतरी ते बोलले आणि म्हणाले, "जा बाई, घरी जा."

"नको," केझिया म्हणाली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुढेच होतो, मला आलं.

परत येताना गाडीत सगळी गात होती. पुढच्या फळीवर माझ्यामागे डॉर्कस केझियाचा हात धरून बसली होती.

"तू बरं म्हणाली होतीस," केझिया म्हणाली.

"म्हणाले होते. खोटं बोलले. देवाला काय जबाब द्यायचा तो मी देईन."

"अजून त्याची बोट..."

"गेली. जॉबने चौकशी केली, आठवडा झाला सुटून. आता विसर त्याला. सात वर्षं खबर आली नाही की माणूस मेला असंच धरतात. मग तू मोकळी. तुझं वय काय आहे?"

 केझिया म्हणाली, "मी पुन्हा करीन."

"कर की," डॉर्कस म्हणाली आणि तिने तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. "आम्ही पुन्हा येऊ. जितक्या वेळा करशील तितक्या वेळा येऊ. तुला काय वाटलं, सोडू आम्ही तुला?"

इतक्या प्रेमाने बोललेलं मी दुसरं काही ऐकलेलं नाही, आणि मला त्या क्षणी गाडी खड्ड्यात घालावीशी वाटली.

गावात शिरलो तर ज्यांना कोर्टात येता आलं नव्हतं ती सगळी केझियाच्या घरासमोर उभी. पाद्रीणबाईही होत्या. गाडी थांबली. सगळ्यांच्या तोंडावर हसू दाबलेलं. मग डॉर्कसने तिची हनुवटी धरून वर केली. "वर बघ."

छप्पर नवंकोरं होतं. पिवळंधमक काड, आढ्यापासून वळचणीपर्यंत. शेजारच्या परगण्यातून शाकारणारा आणला होता, गावाने वर्गणी काढून. ती तुरुंगात असताना हेच चाललं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं ते हेच. आढ्यावर तितर बसवला होता, लांब शेपटीचा, अगदी खराखुरा. समोर बघणारा.

"आता पलंगावर गळणार नाही," ओडेल म्हणाला.

केझिया वर बघत राहिली. मग विचारलं, "जुनं काय केलंत?"

"काड? कुजून गेलं होतं गं सगळं," डॉर्कस म्हणाली. "आमच्या डुकराखाली घातलं."

"आणि पक्षी?"

"पक्षी?" डॉर्कसला आठवेना. तिने जॉबकडे पाहिलं, जॉबने ओडेलकडे. "त्यातच गेला असेल. का गं?"

"काही नाही," केझिया म्हणाली. "बरं केलंत."

पाद्रीणबाईंनी डोळे पुसले. बायकांनी तिला आत नेलं, चूल पेटवली, सूप ठेवलं. मी तिचं बोचकं आत ठेवायला गेलो. गळतं पाणी धरायची तिची बादली पलंगाच्या मधोमध होती, ओबेद असल्यापासून जिथे असायची तिथेच. केझिया पलंगाच्या कडेला बसली होती, आणि मी तिला पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं. मी बोचकं तिच्या पायाशी ठेवलं. 

एकेक करून सगळे पांगले. डॉर्कस शेवटी राहिली. तिने बादली उचलून कोपऱ्यात ठेवली, केझियाच्या गालावरून हात फिरवला आणि दाराशी जाऊन वळली.

"येते हं," ती म्हणाली.

आणि ती आली. सकाळी आली, दुसऱ्या सकाळी आली. अजून रोज येते.